तिसरी चिठ्ठी

ओल्या चादरीचं एक टोक आईच्या हातात होतं, दुसरं सुवार्ताच्या. पिळून झालं की दोघींनी मागे सरकायचं, चादर ताणायची आणि एकदम उचलून तारेवर टाकायची, ही त्यांची जुनी रीत. आईने उचललं. सुवार्ताचा डावा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. चादर अंगणातल्या मातीत पडली.

“हात वर कर बरं,” आई म्हणाली.

“थंडीने आखडलाय.”

“कर तर.”

सुवार्ताने हात उचलला. तो कानापर्यंत आला, मग काखेत ओढ बसली. केस सारखे केल्यासारखं करून तिने तो खाली घेतला. आई बघत होती. चादर पुन्हा बादलीत टाकून तिने भिंतीपलीकडे हाक दिली.

“ओ द्वारकाबाई, या बरं जल्दी. एक टोक धरा.”

शेजारच्या द्वारकाबाई पदराला हात पुसत आल्या. “काय हो, प्रोफेसरबाईला चादर उचलंना? मंग एवढाली पुस्तकं कशी उचलती?”

“पुस्तकं झोपून वाचती ती,” आई म्हणाली. “तारेवर न्हाई वाळत घालत.”

तिघी हसल्या. सुवार्ता जरा जास्तच हसली.

दिवाळीनंतर औरंगाबादला तिच्या छातीतली गाठ काढली होती. आईबाबांना तिने सांगितलं होतं, साधी होती, चरबीची. काढलेला तुकडा मुंबईला तपासायला गेला होता आणि डॉक्टरांना पहिला अहवाल पटला नव्हता म्हणून पुन्हा गेला होता. दुसऱ्याचं उत्तर अजून आलं नव्हतं. यातलं ती घरी काही बोलली नव्हती. ज्या कॉलेजात ती मराठी शिकवायची, तिथल्या ग्रंथपालाला मात्र तिने सहज बोलल्यासारखं विचारून ठेवलं होतं, माझी पुस्तकं लायब्ररीला दिली तर घ्याल का. डॉक्टरांनी पुढच्या उपचारांबद्दल विचारलं की ती “बघू” म्हणायची.

जेवणं झाल्यावर आई समोरच्या खोलीत बाजेवर टेकली आणि हनुवटीने भिंतीकडे खूण केली.

“तुझं वचन तिथं हाय. वाचलंस का?”

भिंतीवर कॅलेंडरच्या खाली तीन चिठ्ठ्या एकाखाली एक चिकटवलेल्या होत्या. दरवर्षी असत. जुन्या वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या भक्तीला, म्हणजे उपासनेला, चर्चमध्ये पितळेचं ताट फिरे. त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, एकेकीवर पवित्र शास्त्रातलं एकेक वचन छापलेलं. ज्याने त्याने एक उचलायची, उभं राहून मोठ्याने वाचायची आणि शेवटी म्हणायचं, “हे माझं.” मंडळीने आमेन म्हटलं की ते वचन त्या माणसाचं, वर्षभरासाठी. जो आला नसेल त्याच्या नावाने घरच्यांनी चिठ्ठी काढली तरी चाले. पण ‘हे माझं’ दुसऱ्याच्या वतीने म्हणता येत नसे. ते ज्याचं त्यानेच, चार माणसांत म्हणायचं.

कॉलेजात गेल्यापासून सुवार्ता त्या भक्तीला आली नव्हती. आई दरवर्षी तिच्या नावाची चिठ्ठी काढायची, घरी आणून खळीने चिकटवायची आणि फोनवर सांगायची, काढून ठेवलंय, येशील तवा म्हण. वर्ष सरायचं. आई ओल्या फडक्याने जुन्या चिठ्ठ्या भिजवून खरवडायची आणि त्याच जागी नव्या लावायची. सुरुवातीला सुवार्ताने वाद घातला होता. छापखान्यात गठ्ठ्याने छापलेल्या चिठ्ठ्या, आई, हाताला लागेल ती आपली. यात देव कुठे आला? आई म्हणायची, हाताला लागली तीच तर. मग सुवार्ताने वाद घालणंही सोडलं.

“वाचते,” ती म्हणाली.

“नुसतं वाचून न्हाई होत.”

“पुढच्या वेळी, आई. आता माझी बस आहे.”

“बरं. पुढच्या टायमाला.”

आईने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, फाटकापर्यंत आली. पिशवी तिने सुवार्ताच्या उजव्या हातात दिली. सुवार्ताला ते नंतर आठवलं. तेव्हा तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात फोन आला, आईबद्दल. कौसल्याबाई पीठ मळायला बसल्या होत्या, म्हणाल्या छातीत कसंतरी होतंय, आणि भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच.

मातीला पुष्कळ लोक होते. बालवाडीत आईच्या हाताखालून गेलेली, आता बायका-बाप्ये झालेली पोरं आली होती. कोणी सलाम म्हणत होतं, कोणी नमस्कार. “बाई प्रभूत निजल्या,” असं मंडळीतल्या बायका एकमेकींना सांगत होत्या. शवपेटी खाली सोडताना गीत सुरू झालं आणि सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा होता. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून जन्म गेलेला माणूस, इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलायची सवय. ते मान वर करून, टिपेला जाऊन, न चुकता सगळी कडवी गात होते. सुवार्ता त्यांच्याकडे बघत राहिली. हा आनंद आहे का? हा आनंद असेल तर तो कुठून येतो? आणि नसेल तर हे काय आहे? तिला रडूही येत नव्हतं. कोणीतरी परक्या भाषेत तिच्याच घराबद्दल बोलत असावं तसं तिला वाटत होतं.

पुढचे दिवस लोक येत राहिले. समोरच्या खोलीत सतरंजीवर बसत, चहा घेत, आणि बोलणं थांबलं की त्यांची नजर भिंतीवर जाई. सुवार्ताने तिसऱ्यांदा कोणाची तरी नजर तिथे अडलेली पाहिली तेव्हा स्वतः उठून वाचलं. वरच्या चिठ्ठीत भाकरी-पाण्याची उणीव पडू देणार नाही असं होतं. मधल्या चिठ्ठीत, तू खोल पाण्यातून जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, अशा अर्थाचं काहीतरी. आणि सगळ्यांत खालच्या चिठ्ठीत देव आपल्या माणसाला दीर्घ आयुष्य देऊन तृप्त करणार होता.

आई साठीचीही नव्हती.

शनिवारी चर्चचे पाळकसाहेब आले. तरुण होते, तीर्थपुरीकडचे, या मंडळीत नवेच. बाबा मागच्या अंगणात होते. पाळकसाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

“ताई, उद्या दुपारी स्मरणार्थ भक्ती आहे. घरातच घेऊ, जागा पुरेल.”

“हो.”

“एक बोलू का? राग मानू नका. ती भिंतीवरची चिठ्ठी...”

“कोणती?”

“दीर्घायुष्याची. बाईंचं वचन.” त्यांनी आवाज खाली घेतला. “लोक बोलतात. मंडळीत नवे विश्वासणारे आहेत, त्यांचा पाय अडखळतो. ‘देवाने सांगितलं आणि पंधरा दिवसांत...’ असं एकाने मला विचारलं.”

“तुम्ही काय सांगितलं?”

“देवाचं आयुष्याचं माप वेगळं असतं, असं.” ते थोडे लाजले. “मला नीट सांगता नाही आलं. भक्तीच्या आधी काढून टाकली तर बरं. मी तुमच्या वडिलांना म्हणालो, ते नाही म्हणाले. नुसतं नाही. तुम्ही मुलगी आहात, शिकलेल्या आहात.”

सुवार्ताला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी एक विचित्र समाधान वाटलं. इतकी वर्षं ती जे म्हणत होती ते भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, छापील अक्षरांत चिकटलेलं होतं. पण हे समाधान घेऊन जायचं कोणाकडे? वाद जिच्याशी होता ती तर गेली.

ते गेल्यावर तिने मोरीतलं फडकं भिजवून आणलं. भिंतीशी जाऊन खालच्या चिठ्ठीच्या कोपऱ्याला लावलं.

“राहू दे ते.”

बाबा मागच्या दारात उभे होते. एका हातात पकड, दुसऱ्या हातात तारेचं भेंडोळं.

“बाबा, लोक येतील उद्या.”

“येऊ दे. इकडं ये आधी. टोक धर.”

ती फडकं घेऊनच अंगणात गेली. बाबा कपड्यांची तार काढून पुन्हा बांधत होते. खांबाला त्यांनी जुन्या हुकाच्या बऱ्याच खाली नवा हुक ठोकला होता. त्यांनी तार ओढून पिळली, अंगठ्याने ताण पाहिला.

“आता हात लाव बरं.”

सुवार्ताने हात लावला. तार तिच्या खांद्याच्या उंचीवर होती.

“तुझ्या आईनं सांगितल्तं. तू बसला गेलीस ना, त्याच संध्याकाळी. म्हणली, तार खाली घ्या, पोरीचा हात जाईना. मी म्हणलं, उद्या करतो.” त्यांनी पकडीचं तोंड उघडलं, मिटलं. “मंग राहूनच गेलं.”

सुवार्ता तारेकडे बघत राहिली. “तिला काय सांगितलं होतं मी? साधी गाठ म्हणून.”

“नाताळात तू न्हाऊन आलीस तवा दिसलं तिला. म्हणली, साध्या गाठीला काखेपर्यंत न्हाई चिरत कोणी.”

“मला विचारलं नाही तिने.”

“तू सांगितलं न्हाई, तिनं विचारलं न्हाई. मायलेकी तुमी, बराबर एकीसारखी एक.”

बाबा ओट्यावर बसले. ती शेजारी बसली. भिंतीपलीकडे द्वारकाबाई कोंबड्यांना शिव्या घालत होत्या.

“तुला काय वाटतं, ती खालची चिठ्ठी तिची हाय?” बाबांनी विचारलं.

“मग कोणाची?”

“वरली माझी, मधली तिची, खालची तुझी. दरसाल तसंच लावती. तू कधी बघितलंच न्हाई, तुला काय ठाऊक? खरं सांगायचं तर आधी तिचीच निघाल्ती ती.”

“म्हणजे?”

“ताट आमच्या बाकाशी आलं. तिनं एक उचलली, मंग दुसरी उचलली. दरसालची रीत हाय, पहिली तिची, दुसरी तुझी. दोन्ही उघडून वाचल्या. पहिलीत आयुष्य, दुसरीत पाणी. मी बाजूलाच होतो, मला दिसलं. आन् उभी राहिली, तर दुसरीच वाचली की! पाण्याची. ‘हे माझं’ म्हणली. मंडळी आमेन म्हणली; कोणाचं कोणतं, ते आता कोणाच्या ध्यानात न्हाई. मी तोंड उघडलं तर कोपरानं ढोसलं मला, हितं, बरगडीत.”

सुवार्ताने फडकं मांडीवर घेतलं.

“घरी येईतो भांडलो आमी. नवीन साल लागलं आन् आमी रस्त्यानं भांडून राह्यलो, सगळे लोक हॅप्पी न्यू इयर करून राह्यले. मी म्हणलं, हे काय एसटीचं तिकीट हाय का, तू बस मी उतरतो म्हणायला? देवानं ज्याला दिलं त्याला दिलं. तर म्हणती कशी, मी ताटात हात घातला तवा मनात कोणाचं नाव घेतलं, ते तुमाला काय माहीत? ज्याला माहीत पाहिजे त्याला माहीत हाय.”

“मग कोणाचं घेतलं होतं?”

“न्हाई सांगितलं. मी दोन दिवस विचारलं. हसायची नुसती.”

ते आपल्या हातांकडे बघत होते. नखांच्या कडांत इतक्या वर्षांचं काळं ऑईल अजून होतं.

“मला कळंना झालंय, बाई. सगळ्यांना वाटतं, मी खडकासारखा हाय, मोठ्यानं गातो. न्हाई गायलं तर मला दुसरं काय येतं? बसून मी एकच हिशेब करतो. ती चिठ्ठी तिची असंल, तर देवानं शब्द मोडला. पंधरा दिवसांत मोडला. आन् तुझी असंल, तर अजून मोडला न्हाई. तिला तिचंच मिळालं. पाण्यातून गेली, सोबत होतं कोणी.” त्यांनी नाक शिंकरलं. “म्हणून मी ती काढू देत न्हाई. आयुष्याच्या चिठ्ठीला अजून कोणी ‘माझं’ म्हणलंच न्हाई. तशीच लटकून हाय ती, ना तिची ना तुझी.”

“बाबा, मी म्हणावं असं म्हणताय का?”

“न्हाई!” ते एकदम मोठ्याने म्हणाले. पलीकडे कोंबड्या गप्प झाल्या. “बिलकुल न्हाई. माझ्यासाठी तर न्हाईच. खोट्यानं म्हणलेलं मला नको, तिला बी चाललं नसतं. तुला काढायची असंल तर काढ. मी एकदा न्हाई म्हणलो, दुसऱ्यांदा न्हाई म्हणणार.”

ते उठले, पकड खुंटीला टांगली आणि आत गेले. सुवार्ताच्या हातातलं फडकं मांडीवर गळत होतं.

रविवारी दुपारी खोली भरली. बाज बाहेर काढली होती. बायका भिंतीला टेकून, पुरुष दारापर्यंत. द्वारकाबाई उंबऱ्याशी, डोक्यावर पदर घेऊन. सुवार्ता भिंतीजवळच बसली, कॅलेंडरच्या खाली. सकाळी तिने फडकं पुन्हा भिजवलं होतं. ते वाटीत ठेवून वाटी मांडीआड ठेवली होती. पाळकसाहेबांनी आत येताच भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग वाटीकडे, आणि आश्वस्त झाल्यासारखी मान हलवली.

गीत झालं. बाबा गायले, पण आज शेवटच्या कडव्याला त्यांचा आवाज मध्येच बसला आणि बाकीच्यांनी ते पुरं केलं. मग ज्याला बोलायचं त्याने आईबद्दल दोन शब्द बोलायची वेळ आली. एकाने आईच्या हातची पहिली पाटी सांगितली. मंडळीतल्या तुळजाबाई म्हणाल्या, बाई रागावली की आमाला गूळ द्यायची, म्हणून आमी मुद्दाम चुकायचो. लोक हसले. द्वारकाबाईंना बोलता आलं नाही; त्या एवढंच म्हणाल्या, “चादर धरायला आता कोण हाक मारंल?” आणि पदर तोंडात कोंबला.

“ताई?” पाळकसाहेब म्हणाले.

सुवार्ता उठली. वाटीतलं फडकं तिने हातात घेतलं. तिला माहीत होतं, हे फिरवायला दोन मिनिटं पुरतात. कागद पातळ असतो, खळ पिठाची असते.

तिने मधली चिठ्ठी वाचली, मनातल्या मनात. आई उभी राहिली असेल, चष्मा नाकावर घसरलेला, आणि हे वाचलं असेल. कोणासाठी हात घातला होतास? हे आता कोणी सांगणार नव्हतं. बदललं असेल तर कसल्या भरवशावर बदललं? आणि बदललं नसेलच, आयुष्याची चिठ्ठी तिने पहिल्यापासून सुवार्ताच्याच नावाने उचलली असेल, तर? खालची चिठ्ठी आपली म्हणावी तर आईचं काहीतरी काढून घेतल्यासारखं होत होतं. न म्हणावी तर आईने पुढे केलेला हात तसाच हवेत राहत होता. दोन्हीकडून तिला नीट विचार करता येईना. अशा वेळी उपयोगी पडेल असं, इतक्या वाचलेल्या पुस्तकांतलं एक वाक्यही आठवेना.

फडक्याचं पाणी तिच्या पावलावर पडत होतं. थंड होतं. तिला ते जाणवत होतं, स्पष्ट जाणवत होतं. आणि मुंबईहून यायचं उत्तर, ग्रंथपालाला विचारून ठेवलेली पुस्तकं, डॉक्टरांपुढे पुन्हा पुन्हा म्हटलेलं ‘बघू’, हे सगळं तिच्यासमोर उभं राहिलं. इतक्या महिन्यांत आपण कोणालाही, स्वतःलाही, एक साधी गोष्ट सांगितली नाही, की आपल्याला जगायचं आहे. देव आहे की नाही याच्याही अलीकडची गोष्ट होती ती.

तिने फडकं वाटीत ठेवलं. खोलीत कोणीतरी खाकरलं. पाळकसाहेब अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

सुवार्ता खालची चिठ्ठी वाचू लागली, मोठ्याने, वर्गात वाचते तशी, शब्द न तोडता. ओळ संपली. बाबांनी मान वर केली नव्हती. ते सतरंजीची एक दशी बोटाला गुंडाळत होते आणि ते बोट थांबलं होतं.

“हे...” ती म्हणाली, आणि बोट चिठ्ठीच्या ओळीवर ठेवलं. विश्वासाने म्हणते आहे की नुसतं हवं आहे म्हणून, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण खोटं नव्हतं.

“हे माझं.”